पूनम गेट विद्यापीठ

उजनीचं पाणी आणि सरकारी प्रशिक्षण यांचा उगम वेगळा, शेवट एकच. धरण भरलं की पेपरात फोटो, कालव्यात पाणी सोडलं की दुसरा फोटो, आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीच्या काठावर उभा. प्रशिक्षण दिल्लीत सुटतं. पुण्यात थोडं जिरतं, जिल्ह्याला थोडं गळतं, तालुक्याला कुणीतरी मोटार टाकून उचलतं, आणि अंगणवाड्यांच्या बीटवर पोहोचेपर्यंत उरतो चहा, बिस्किटाचा पुडा आणि सहीचा कागद. या टेलला जी बाई उभी असते तिला आपण अंगणवाडी सेविका म्हणतो. उजनी भरूनही ज्या सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या शहराला हे आणखी समजावून सांगायला नको.

१० मे २०२३ ला केंद्र सरकारनं ‘पोषण भी, पढाई भी’ ही मोहीम काढली. आहाराबरोबर शिक्षणही द्यायचं. म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा जे ठरलं होतं, ते जवळपास ४८ वर्षांनी पुन्हा एकदा ठरलं. ठरू द्या. पुढच्या वर्षी तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आणि त्याखालच्या लेकरांसाठी ‘नवचेतना’ असे दोन आराखडे आले. मजकूर चांगला आहे, खोटं कशाला बोला. मुलांना खेळू द्या, गोष्टी सांगा, त्यांच्या भाषेत बोला, एका जागी कोंडून पाठांतर करून घेऊ नका. आणि हे सगळं सेविकांपर्यंत न्यायचं कसं? तर एका हॉलमध्ये शंभर जणींना कोंडून, पडद्यावर चित्रं दाखवून, तीन दिवस. मुलांना भाषण देऊ नका या विषयावर इतकं लांब भाषण जगात दुसरीकडं कुठं झालं नसेल.

तिसऱ्या दिवशी शेवटी एक फॉर्म येतो, प्रशिक्षण कसं वाटलं म्हणून. सगळ्याजणी ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. बाहेर एसटीची वेळ झालेली असते.

ज्ञान नेहमी वरून खालीच वाहतं ही जी पक्की सरकारी समजूत आहे, ती सोलापुरात तरी पाच मिनिटं टिकू नये. शहराच्या पूर्वभागातल्या कुठल्याही अंगणवाडीत सकाळी जाऊन बसा. पाणी मागताना एक पोरगं ‘नीळ्ळु’ म्हणतं, दुसरं ‘नीरु’, तिसरं ‘पानी’, आणि चौथं काहीच न म्हणता माठाकडं बोट दाखवतं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कानडी, नाक्यावर उर्दू. आई विड्या वळायला बसलेली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं निघालात की कानडीचं वजन वाढतं. आता या वर्गापुढं उभं राहून आराखडा सांगतो, मुलाच्या मातृभाषेत बोला. अगदी कबूल. कुणाच्या?

याचं उत्तर पुस्तिकेत नाही, पण अंगणवाडीत आहे. ते उत्तर कोपऱ्यात वाट्या मांडत असतं. मदतनीस त्याच गल्लीतली असते, तिच्या घरी तेलुगू असतं, ती एक हाक मारते आणि आठवडाभर दाराला चिकटून रडणारं पोरगं आत येऊन बसतं. त्या खोलीतली भाषातज्ज्ञ ती. प्रशिक्षणाला मात्र पहिली सेविका जाते, मदतनिसीचा विचार मागाहून. मानधनाच्या उतरंडीत तर मदतनीस सगळ्यात तळाला. एखाद्या विद्यापीठात असं झालं असतं तर प्राध्यापकांनी संप केला असता. बाई वाट्या धुते.

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, तिथली एक पिढी अंगणवाडीतूनच मोठी झाली. कानडी किंवा तेलुगू पोराला मराठी शाळेच्या दारापर्यंत न रडवता कसं आणायचं, हे ज्यांना वर्षानुवर्षं करून माहीत झालंय अशा बायका या जिल्ह्यात किती असतील! त्यांच्यातल्या एकीला कधी कुणी मंचावर बोलावून विचारलंय का, की बाई, तुम्ही हे करता कसं? मंचावर बोलावतात, नाही असं नाही. दीपप्रज्वलनाच्या वेळी ताट धरायला.

*

आता मासिक बैठकीकडं वळू. बैठक प्रकल्प कार्यालयात किंवा बीटवर. पर्यवेक्षिका बाई समोर, सेविका खाली सतरंजीवर, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत अर्धं कार्यालय. विषय क्रमानं येतात. घरी न्यायच्या आहाराची पाकिटं किती वाटली. वजन-उंची किती भरली. आधार किती जोडले. १ जुलै २०२५ पासून आहार घ्यायला आलेल्या बाईचा चेहरा फोनवर जुळवून बघायचा आहे, तर चेहरे किती झाले. २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायचे होते, एका अर्जाला ५० रुपये, त्या वेळी तर बैठकीत दुसरा शब्द नव्हता. निवडणूक जवळ आली की मतदार याद्या.

अंगणवाडीच्या सेवा सहा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. या सहाव्या सेवेचा नंबर बैठकीत शेवटी लागतो, आणि तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजलेले असतात. “बाकी मुलांचं शिकवणं वगैरे चालू आहे ना?” “चालू आहे मॅडम.” झालं. बालशिक्षणाचा आढावा संपन्न.

पर्यवेक्षिका बाईंना नावं ठेवायचा माझा विचार नाही. तिच्या गळ्याशी वरच्या साहेबाची यादी, साहेबाच्या गळ्याशी मुंबईची. आकडे गोळा करणं हेच तिचं काम करून ठेवलंय. पण जिच्या हातात कारणे दाखवा नोटीस आहे, तिच्यासमोर कुठली सेविका सांगेल की मॅडम, माझ्याकडं दुपारच्या गोष्टीला निम्मी पोरं झोपतात, मला गोष्ट रंगवता येत नाही, कुणीतरी शिकवा? असं बोलणं म्हणजे आपल्याच नोटिशीचा मसुदा स्वतः लिहून देणं. त्यामुळं बैठकीत सगळ्यांची पोरं जागी असतात, सगळ्यांच्या गोष्टी रंगतात, सगळ्यांची वजनं वाढतात. जिल्ह्यात अडचण असलेली एकही अंगणवाडी नाही. अडचण फक्त नेटवर्कची.

खरी शाळा भरते ती बैठकीच्या आधी. साहेब यायला उशीर होतो, तो नेहमी होतोच, तेव्हा कार्यालयाच्या ओट्यावर.

“तुझ्याकडचं ते चावरं पोरगं गप झालं का गं?”

“झालं की. वाट्या वाटायला त्यालाच पुढारी केलं. आता चावायला सवड कुठाय त्याला?”

“काय सांगलालीस!”

“आणि ऐक, चिंचोके देऊ नको लहान गटाला. नाकात घालतात. शेंगांची टरफलं दे मोजायला.”

ओट्यावर टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्यांची बाहुली या पिशवीतून त्या पिशवीत जाते. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी कशी जोडायची हे माढ्याची बाई मोहोळच्या बाईला दाखवते. बोलायला उशीर झालेल्या मुलाला कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, कुठला डॉक्टर आईलाच ओरडतो, हेही इथंच कळतं. मूल आपटून घेत असेल तर आधी त्याच्या घरी काय झालंय ते बघ, असा सल्ला एक म्हातारी सेविका देते, आणि मानसशास्त्रातला अर्धा अभ्यासक्रम तंबाखू मळता मळता उरकते. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजतो. साहेब आले. शिकणं बंद, बैठक सुरू.

*

ओट्यावरच्या या विद्यापीठानं सरकारलाही एकदा वाचवलंय, पण त्याची नोंद कुठं झाली नाही. १ मार्च २०२१ ला ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं. ॲप इंग्रजीत, आणि सरकारनं आधीच हातात दिलेला फोन २ जीबी रॅमचा, जो नुसता चालू करायचा म्हटला तरी तापायचा. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. नव्या भारतात फोन परत करणारी ही बहुधा एकमेव जमात. पण माहिती तर भरायचीच होती. मग ती भरायला शिकवलं कुणी? एका सेविकेनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला, आणि तिघींना मिळून त्यांच्यातल्या एकीच्या दहावीतल्या पोरानं. या पोराला मास्टर ट्रेनरचा भत्ता कुठल्या लेखाशीर्षाखाली द्यायचा, हे अजून ठरायचंय.

आणि मग आलं या जिल्ह्यातलं आजवरचं सगळ्यात मोठं निवासी शिबिर. ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४. तब्बल ५२ दिवस. भोजन ज्याचं त्यानं आणायचं. विषय: मानधन, ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि चालणारा फोन. सरकारी दप्तरात याला संप म्हणतात.

सोलापूर जिल्हा परिषदेचं पूनम गेट हे आमच्याकडचं गाऱ्हाण्यांचं मुख्य व्यासपीठ. ज्याचं कुठं ऐकलं जात नाही तो पूनम गेटला येऊन बसतो. धरण्यावर बायका दिवसभर घोषणाच देतात असं ज्याला वाटतं, तो कधी धरण्यावर बसलेला नाही. घोषणा पाच मिनिटं, मग तासभर गप्पा. करमाळ्याची बाई सांगोल्याच्या बाईशेजारी बसलेली, एरवी आयुष्यात भेटायची शक्यता नाही. दोघींच्या मांडीवर रजिस्टर नाही, समोर पर्यवेक्षिका नाही, फोनवर ‘आजचे फोटो टाका’ नाही. अशा दोन बालशिक्षिका एकत्र आल्या तर त्या कशाबद्दल बोलतात? बाळांबद्दलच. धंद्याचा रोगच आहे तो. अमुक गाणं पोरांना आवडतं, तमुक खेळात पोरी मागं राहतात, पहिलीच्या गुरुजींनी ‘तुमच्याकडून आलेल्या पोरांना काही येत नाही’ म्हणून कसं हिणवलं. त्यांच्या धंद्यात एकमेकींकडून शिकायला मिळालेला सगळ्यात मोठा सलग वेळ त्यांनी काम बंद ठेवून मिळवला. सरकारनं तो वेळ ‘काम नाही, दाम नाही’मध्ये धरला.

योगायोग बघा. हा संप चालू असतानाच, १९ जानेवारी २०२४ ला, कुंभारीत रे नगर वसाहतीच्या ३० हजार घरांपैकी पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या द्यायला पंतप्रधान आले. विडी, यंत्रमाग, फेरीवाले, कचरावेचक अशा कुटुंबांची घरं. चांगली गोष्ट झाली, टाळ्या वाजवल्याच पाहिजेत. पण १५ हजार घरं म्हणजे किती हजार चार-पाच वर्षांची पोरं आणि किती भाषा, याचा हिशोब ज्या बायकांना तोंडपाठ आहे, त्या त्या आठवड्यात संपावर होत्या.

संप मिटला. पुढं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेविकेचं मानधन १० हजारांवरून १३ हजार झालं, आणि वर काम मोजून २ हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. यातली शेवटची मेख बारकाईनं पाहण्यासारखी आहे. भत्ता प्रत्येकीचा वेगळा मोजायचा. काल जी बाई ओट्यावर आपली युक्ती सांगत होती, तिनं आता ती का सांगावी? तरी सांगते, हा तिचा मोठेपणा. शासनाची योजना मात्र तिनं सांगू नये अशीच आहे. भत्ता अख्ख्या बीटला मिळून दिला असता तर ओट्यावर रोज संमेलन भरलं असतं. पण मग गुण कुणाला द्यायचे, हा प्रश्न पडला असता, आणि तक्त्यात ‘सगळ्यांना मिळून’ असा रकाना नसतो.

*

बालशिक्षिकांनी एकमेकींकडून शिकायचं, यात नवीन काय आहे? सोलापुरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग बालोद्यान चालवत आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करण्याचा वर्गही. शिकणारी बाई आणि खेळणारं मूल एकाच आवारात. हॉल भाड्यानं घ्यायची भानगड नाही.

मग १९४५ साल. या एका सालात दोन गोष्टी घडल्या. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात लोकांनी युद्ध संपल्यावर मागं राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून स्वतःच्या हातानं बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण मास्तर सायकलवर टांग टाकून ती बघायला गेला आणि जन्मभराचा अडकला. पुढं त्या शहराच्या बालशाळा जगभर गाजल्या. लोक तिथं जाऊन भिंतींचे, आरशांचे, रंगांचे फोटो काढतात आणि परत येऊन भिंती रंगवतात. फोटोत न येणारी गोष्ट वेगळी आहे. एका वर्गाला दोन शिक्षिका, दोघी बरोबरीच्या, एक वरची नि एक खालची असं नाही. आणि आठवड्याच्या पगारी तासांतच एकत्र बसायचा वेळ धरलेला. आज पोरं काय बोलली, काय केलं, याच्या नोंदी एकमेकींपुढं मांडायच्या आणि त्यावर भांडायचं. त्याच वेळेचे पैसे मिळतात. आम्ही तिथून रंग आणला, वेळ आणायचा राहिला. रणगाडा नव्हता म्हणावं, तर परत आलेले फोन होते की विकायला!

दुसरी गोष्ट आपल्याकडची. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई ५३ वर्षांच्या. त्यांच्या हाताखाली म्हणावं की हाताला हात लावून म्हणावं, अनुताई वाघ ३५ वर्षांच्या. ताराबाईंच्या मागं भावनगरचा अनुभव होता. तिथं गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला होता आणि शिक्षणपत्रिका चालवली होती. मॉन्टेसोरीचं साहित्य महाग, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं तिथंही येईनात, तर कुरणात शाळा. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज गावोगाव ज्या अंगणवाड्या आहेत त्यांची मुळं या दोन बायकांच्या पाड्यावरच्या पायपिटीत आहेत. पाड्यावर अंगण निवडताना त्यांनी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहिली असती, तर पोरं अजून कुरणातच असती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. हल्ली प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कधी दोघींच्या तसबिरी असतात. हार घालून झाला की त्यांच्याकडं पाठ करून पडद्याकडं तोंड करायचं, हा शिष्टाचार.

*

जिल्ह्याचा अभिमान सांगायचा तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर. आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. सोलापुरात फ्लेक्स लागले, सत्कार झाले. चहाच्या टपरीवर चर्चा कसली? “निम्मी कशाला दिली बे?” गुरुजींचं मन मोठं, असं म्हणून आपण तो विषय मिटवला. त्यात शिक्षकी पेशाची एक रीत आहे, एकट्यानं हुशार होण्यात अर्थ नाही अशी, ही गोष्ट टपरीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कुणाच्या चर्चेत आली नाही. फ्लेक्सवर ती बसली नसती म्हणा.

प्राथमिक शिक्षकांना निदान महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद तरी आहे. तिथंही निम्मा वेळ सूचना वाचण्यात जातो, तरी पाच-दहा शाळांचे गुरुजी एकत्र बसतात, एखादा आपला पाठ दाखवतो, दुसरा नाक मुरडतो, काहीतरी हलतं. कोठारी आयोगानं १९६६ मध्येच शाळासंकुलाची कल्पना मांडली होती, की आसपासच्या शाळांनी मिळून एकमेकींना हात द्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानंही २०२० मध्ये ती पुन्हा मांडली, आणि पुढं जाऊन सांगितलं की तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून सलग पाच वर्षं.

कागदावर सलग. आवारात मध्ये भिंत. एकाच पटांगणात अंगणवाडी आणि जिल्हा परिषद शाळा, पण सेविका महिला व बालविकासची आणि गुरुजी शालेय शिक्षणचे. एका टप्प्याचे हे दोन शिक्षक वर्षातून दोनदा हमखास भेटतात, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, झेंड्याखाली. त्यातही सेविका रांगोळी काढत असते. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे असा निकाल देताना, या बाया अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षणाचं काम करतात हेही लक्षात घेतलं. न्यायालयाला दिल्लीहून दिसलं, शेजारच्या वर्गातून दिसत नाही.

गल्लीबोळातल्या ‘इंटरनॅशनल’ नर्सऱ्यांबद्दल फार बोलत नाही, तिथं जग छोटं आणि पाटी मोठी असते. तिथल्या पोरवयाच्या टीचर एकमेकींकडून शिकतील कशा? पलीकडची नर्सरी प्रतिस्पर्धी, गॅदरिंगची थीम गुपित, आणि पगार विचारायचा नसतो.

*

हे सगळं लिहिताना एक धास्ती आहे. सेविकांना एकमेकींकडून शिकायला वेळच ठेवला नाही, ही चूक सरकारच्या लक्षात आली तर काय? आमच्याकडं कुठलीही चांगली गोष्ट लक्षात आली की तिची योजना होते. समजा उद्या ठरलं की सेविकांनी एकमेकींकडून शिकणं हे राष्ट्रहिताचं आहे. लगेच ‘सेविका संवाद सक्षमीकरण अभियान’. त्याचा लोगो. प्रत्येक बीटनं महिन्याला किमान चार संवाद, प्रत्येक संवाद वीस मिनिटांचा. संवादापूर्वीचा फोटो, संवाद चालू असतानाचा फोटो, संवादानंतर दोघींचा हसतानाचा फोटो, तिन्ही जिओ-टॅग करून. ‘काय शिकलात?’ या रकान्यात पाच पर्यायांपैकी एक निवडायचा. संवाद कसा साधावा याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्यासाठी मास्टर ट्रेनर पुण्याहून. आणि ज्या ओट्यावर पंधरा वर्षं फुकट शाळा भरत होती, तिथं ‘संवाद कट्टा’ असा बोर्ड, त्याच्या उद्घाटनाला दोन तास उशीर, आणि त्या दिवशी कुणी कुणाशी बोलणार नाही.

म्हणून मागणी अगदी लहान ठेवतो. जिल्हा नियोजनातून निधी नको, ॲप नको, बोर्ड नको. मासिक बैठकीत पहिला एक तास. आकडे त्यानंतर घ्या, हवे तेवढे घ्या, ते कुठं पळून जात नाहीत. त्या तासात एकच सेविका किंवा मदतनीस उठून सांगेल की या महिन्यात मला हे जमलं नाही, आणि बाकीच्या सांगतील आपण काय केलं होतं. त्या तासाचं इतिवृत्त नाही, फोटो नाही, त्यावरून कुणाला नोटीस नाही. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकीला शेजारच्या अंगणवाडीत जाऊन अर्धा दिवस नुसतं बसून बघायची मुभा, एसटीच्या भाड्यासकट. अक्कलकोटच्या बाईला पूर्वभागात पाठवा, पूर्वभागातलीला कुंभारीला. पहिलीच्या गुरुजींनाही त्यात एक दिवस सतरंजीवर बसवा, खुर्ची न देता. मदतनिसीला सोबत न्या, तिथं बहुतेक वेळा तीच जास्त बोलेल.

एवढ्यासाठी साहेबांनी यायलाच पाहिजे असं नाही, पण आलेच तर आमची ना नाही. दहाला या, नारळ फोडा, हार घ्या, दोन शब्द बोला, ते दोनच असू द्या, आणि सव्वादहाला निघा. चहा गाडीत देऊ.